वस्तीतले प्रत्येक मूल दहावीपर्यंत : मुंबईतील पालक आणि कार्यकर्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाचा आठवीपर्यंतचा हक्क त्याने मान्य केला. असे असूनही गोवंडी, मानखुर्द, कुर्ला, मालवणी अशा भागांत काम करणाऱ्या कोणालाही शाळेबाहेरची मुले शोधायला फार फिरावे लागत नाही, आणि शाळेत असूनही वाचता न येणारी मुले तर त्याहून सहज सापडतात.

मुंबईत मूल शिक्षणातून निसटते ते प्रामुख्याने तीन ठिकाणी. पहिले ठिकाण प्रवेशाचे, जिथे कागदपत्र, वय किंवा उशीर यांचे निमित्त होते. दुसरे तिसरी ते पाचवीच्या दरम्यानचे, जिथे वाचन न जमल्यामुळे मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर पडते. तिसरे आठवीनंतरचे, जिथे मोफत शिक्षणाचा हक्कही संपतो आणि अनेक महापालिका शाळांतले वर्गही संपतात. या तिन्ही ठिकाणी सरकारी योजना आणि तरतुदी आहेत. नसते ते एकाच मुलाच्या मागे पहिलीपासून दहावीपर्यंत लक्ष ठेवणारे कोणी. ते काम वस्तीतल्या आठ-दहा माणसांचा गट करू शकतो. महिला बचत गट, गणेशोत्सव मंडळ, पालकांचा गट, कोणीही चालेल.

पहिली पायरी : एक शाळा आणि तिच्याभोवतीच्या गल्ल्या निश्चित करा

संपूर्ण वॉर्डाचे काम अंगावर घेऊ नये. एक महापालिका शाळा निवडावी आणि जिथून तिची बहुतेक मुले येतात त्या गल्ल्या किंवा चाळी ठरवून घ्याव्यात. दोनशे ते तीनशे घरे एका गटाला पेलतात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. मुंबईच्या दाट वस्तीत हे अंतर बहुधा पाळले जाते, परंतु मानखुर्द किंवा माहुलसारख्या पुनर्वसन वसाहतींत कुटुंबे आधी आली आणि सोयी मागाहून आल्या. तिथे अंतर प्रत्यक्ष चालून पाहावे. नकाशावर आठशे मीटर दिसणाऱ्या वाटेत हमरस्ता किंवा रेल्वेचे रूळ आडवे येत असतील, तर सहा वर्षांच्या मुलासाठी ती शाळा जवळची नव्हे.

निवडलेल्या शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला दिलेला अकरा अंकी क्रमांक, मिळवून ठेवावा. शिक्षण मंत्रालयाच्या यूडायस प्लस संकेतस्थळावर या क्रमांकावरून पटसंख्या, शिक्षकसंख्या, स्वच्छतागृहे यांची शाळेने स्वतः दिलेली माहिती पाहता येते. पुढे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ती फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी : घरोघरी नोंद

सर्वेक्षणासाठी संध्याकाळी सातनंतरची वेळ किंवा रविवार सोयीचा, कारण नाक्यावर कामाला जाणारे, घरकाम करणाऱ्या बाया आणि जरीच्या कारखान्यातले कारागीर दिवसा घरी सापडत नाहीत. अंगणवाडीच्या ताई आणि महापालिकेच्या आरोग्यसेविका यांना सोबत घेतल्यास दारे उघडतात, शिवाय कोणत्या घरात किती मुले आहेत हे त्यांना आधीच ठाऊक असते.

“मुलगा शाळेत जातो का?” हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी “हो” असेच मिळते. त्याऐवजी शेवटचे कोणत्या दिवशी गेला होता, वर्गशिक्षिकेचे नाव काय, शाळा सकाळची आहे की दुपारची, असे विचारावे. अकरा वर्षांची मुलगी शिक्षिकेचे नाव सांगताना अडखळली, धाकट्या भावाला कडेवर घेऊन बोलत राहिली, तर तिचे नाव पटावर असेल, पण ती शाळेत नाही, हे ओळखावे. धाकट्याला सांभाळण्याची सोय झाल्याशिवाय ती शाळेत जाणार नाही, म्हणून तिच्या ओळीत अंगणवाडीत भावाचे नाव घालण्याचे काम लिहावे.

एका दोनशे पानी वहीत पुढील रकाने पुरतात: मुलाचे नाव आणि जन्मतारीख, घरची भाषा, शाळा, माध्यम व इयत्ता, शेवटची हजेरी, आईवडिलांच्या कामाच्या वेळा, गावी जाण्याचा आणि परतण्याचा महिना, अडचण, आणि पुढची कृती कोण करणार. गावी जाण्याचा रकाना मुंबईत अत्यंत महत्त्वाचा आहे. कोकणात, मराठवाड्यात किंवा उत्तर प्रदेशात एप्रिल-मेमध्ये गेलेली कुटुंबे अनेकदा जुलैत परततात. तोवर जूनच्या मध्यावर शाळा सुरू होऊन प्रवेशाची लगबग संपलेली असते. अशा मुलांचे अर्ज कुटुंब गावी निघण्यापूर्वीच, मार्च-एप्रिलमध्ये भरून घ्यावेत. दीर्घकाळासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांकरिता राज्यात शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे. निघताना शाळेतून ते मागून घ्यावे, म्हणजे नव्या ठिकाणच्या शाळेत प्रवेश सोपा होतो.

नाव दाखल असूनही सलग महिनाभर गैरहजर असलेले मूल शाळाबाह्यच समजावे. ही यादी मुख्याध्यापकांना देताना आरोपाचा सूर नसावा. बहुतेक शाळांत अशा मुलांच्या शोधासाठी ‘बालरक्षक’ म्हणून काम पाहणारे शिक्षक असतात आणि त्यांना अशी यादी हवीच असते.

तिसरी पायरी : प्रवेश, आणि नकाराला लेखी उत्तर

महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी कागदपत्रांवाचून अडवणूक करता येत नाही, हे गटातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवे. जन्मदाखला नसेल तर रुग्णालयाची किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा आईवडिलांचे स्वयंघोषणापत्र चालते. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश रोखता येत नाही. सत्र सुरू झाल्यानंतर आलेल्या मुलालाही प्रवेश द्यावाच लागतो. आणि दहा वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसेल, तरी त्याला पहिलीत न बसवता वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. त्या प्रशिक्षणाचा काळ किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे असा ठरलेला आहे. असे मूल चौदा वर्षे ओलांडून गेले, तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचे शिक्षण मोफतच राहते.

प्रत्यक्षात नकार तोंडी मिळतो: “वर्ग भरलाय”, “आधार आणा”, “पुढच्या वर्षी या”. त्यावर वाद घालू नये. साध्या कागदावर मुलाचे नाव, वय, पत्ता आणि मागितलेली इयत्ता लिहून अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन पोच घ्यावी. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणे पोच मागताक्षणीच सुटतात. पोच दिली नाही तर तोच अर्ज रजिस्टर टपालाने वॉर्डाच्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे पाठवावा.

माध्यमाचा प्रश्न याच वेळी निघतो. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी यांच्यासह आठ माध्यमांच्या शाळा चालवते, आणि अलीकडे मुंबई पब्लिक स्कूल या नावाने काही शाळांत सीबीएसई व अन्य मंडळांचे वर्गही सुरू झाले आहेत. बहुतेक पालकांचा ओढा इंग्रजीकडे असतो आणि त्यामागची त्यांची आकांक्षा रास्त आहे. पालकांशी माध्यमावरून भांडू नये, पण घरी जी भाषा बोलली जाते तिच्यात वाचन पक्के झालेले मूल दुसरी भाषाही लवकर शिकते, हे त्यांना सांगणे आपले काम आहे. निर्णय त्यांचाच राहू द्यावा.

खासगी शाळांतील २५ टक्के जागा

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळल्या आहेत. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट देणारा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे हा मार्ग खुला आहे.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि सोडत निघते. अर्जाची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून डिसेंबरपासूनच लक्ष ठेवावे. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा तहसील कार्यालयाचा दाखला लागतो. वंचित घटकातील मुलासाठी जातीचे प्रमाणपत्र लागते. हे दाखले मिळायला वेळ लागतो, तेव्हा दिवाळीनंतर लगेच अर्ज करून ठेवावेत. सर्वांत जास्त अर्ज बाद होतात ते घराचे ठिकाण नकाशावर चुकीचे दाखवल्यामुळे. झोपडपट्टीतल्या गल्ल्या नकाशावर नीट दिसत नाहीत आणि सायबर कॅफेतला मुलगा घाईत जवळच्या नाक्यावर खूण करतो. अर्ज भरताना गटातल्या एकाने सोबत बसून घराच्या नेमक्या ठिकाणी खूण झाली आहे ना, ते पाहावे. सोडतीत नाव लागल्यावर पडताळणी समितीसमोर मूळ कागद दाखवायचे असतात. भाडेकरू कुटुंबांनी भाडेकराराची तारीख अर्जाच्या आधीची आहे, याची खात्री करून घ्यावी.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. गटाने आपली सगळी शक्ती या जागांमागे घालवू नये. सोडत थोड्या मुलांना लाभते; उरलेली बहुतेक मुले महापालिका शाळेतच शिकणार असतात आणि त्यांच्या शिक्षणाचा दर्जा आपल्या हातात अधिक आहे.

चौथी पायरी : वाचन, सर्वांत मोठे काम

तिसरी, चौथी आणि पाचवीतल्या प्रत्येक मुलाची वाचनचाचणी जुलैत घ्यावी. त्यासाठी चार पातळ्यांचा एक कागद पुरतो: सुटी अक्षरे, घर, माती, फूल, विहीर असे साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा, आणि दुसरीच्या पातळीची आठ-दहा वाक्यांची गोष्ट. मुलाला एकट्याला, इतरांपासून थोडे दूर बसवून वाचायला सांगावे. शाळेचे पाठ्यपुस्तक चाचणीसाठी वापरू नये, कारण पहिला धडा मुलांना तोंडपाठ असतो. मूल धडाधडा म्हणत जाते आणि बोट मात्र तिसऱ्याच शब्दावर असते. अनोळखी उतारा दिला की खरी पातळी पाच मिनिटांत कळते. ज्या पातळीवर मूल सहज वाचते तीच त्याची पातळी. इयत्ता कोणती, हे तूर्त बाजूला ठेवावे.

या पद्धतीचा उगम मुंबईतच आहे. ‘प्रथम’ या संस्थेने १९९० च्या दशकाच्या मध्यात इथल्या वस्त्यांतून काम सुरू केले आणि मागे पडलेल्या मुलांना शिकवण्यासाठी वस्तीतल्याच तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा इथल्या शाळांत २००१ ते २००३ या काळात या उपक्रमाची शास्त्रशुद्ध पाहणी केली. तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना बालसखी शाळेच्या वेळातच दोन तास वेगळे शिकवत असे. मुलांचे गुण लक्षणीय वाढले, आणि सर्वांत जास्त लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासह मिळाले, ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी. आपल्यासाठी यातला बोध व्यवहारी आहे: महागडी साधने नसतानाही, बारावी झालेली वस्तीतली मुलगी योग्य पातळीवर शिकवू लागली, तर मूल वाचू लागते.

गट असे बांधावेत. अक्षरे ओळखणारी मुले एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, उतारा वाचणारी एकत्र, मग ती तिसरीची असोत की पाचवीची. प्रत्येक गटात पंधरा-वीसच मुले ठेवावीत. मुख्याध्यापकांच्या संमतीने शाळेच्या वेळात वर्ग मिळाला तर उत्तम. नाहीतर समाजमंदिरात किंवा मंडळाच्या खोलीत रोज दीड तास. आठवड्यातून दोन दिवस भरणारा वर्ग या कामात फारसा उपयोगी ठरत नाही, कारण नुकतीच ओळखीची झालेली अक्षरे मधल्या दिवसांत पुसली जातात.

दीड तासात पहिला अर्धा तास गोष्ट ऐकणे आणि तिच्यावर बोलणे. घरी भोजपुरी किंवा दखनी बोलणाऱ्या मुलाला मराठी वाक्याची चाल आधी कानाला सवयीची व्हावी लागते, आणि त्यासाठी ही गोष्ट आवश्यक आहे. दुसरा अर्धा तास बाराखडीचा तक्ता आणि त्यावरून शब्द बनवणे: ‘क’ला काना, ‘म’ जोडला की ‘काम’. तिसरा अर्धा तास प्रत्येकाने स्वतः वाचणे आणि त्याच शब्दांनी दोन ओळी लिहिणे. जोडाक्षरे आली की बहुतेक मुले थांबतात. ‘स्व’, ‘प्र’, ‘र्य’ अशी रूपे एकेक करून, ओळखीच्या शब्दांतून (स्वच्छ, प्रवास, सूर्य) शिकवावीत आणि त्यासाठी पुरेसा वेळ द्यावा. दर महिन्याला तीच चार पातळ्यांची चाचणी नव्या उताऱ्यासह घ्यावी, नोंदवहीत पातळी लिहावी आणि वर आलेल्या मुलाला लगेच पुढच्या गटात बसवावे. महिनाभरात अजिबात न सरकलेल्या मुलाची नजर आणि श्रवण तपासून घ्यावे. फळ्यावरचे न दिसणारे मूल ‘ढ’ ठरवले गेल्याची उदाहरणे प्रत्येक वस्तीत आहेत.

हे वाचनवर्ग घेणाऱ्या ताईला मानधन द्यावेच. विनामूल्य काम करणारी मुलगी परीक्षेच्या दिवसांत किंवा घरच्या अडचणीत थांबते, आणि त्यात तिचा दोष नसतो.

राज्यात आता पाचवी आणि आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा होते. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तिथेही यश आले नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते, शाळेतून मात्र काढता येत नाही. म्हणजे तिसरीत दुर्लक्षिलेले वाचन पाचवीत मुलाच्या अंगावर येते. म्हणून या पायरीवर मी एवढा भर देतो.

पाचवी पायरी : शाळा व्यवस्थापन समिती

प्रत्येक महापालिका शाळेत ही समिती असावी लागते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा बनवणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हा तिचा कायदेशीर अधिकार आहे. अनेक ठिकाणी ती कागदावर असते आणि सदस्य आयांकडून घरपोच सह्या घेतल्या जातात. समितीची पुनर्रचना होते त्या वेळी गटातल्या पालकांनी सभेला हजर राहून नावे सुचवावीत, आणि बैठकीपूर्वी सदस्य आयांसोबत बसून एकच विषय नीट तयार करावा.

विषय मोठा नसावा. मुंबईत एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा आणि दोन अधिवेशने भरतात. सकाळच्या शाळेनंतर स्वच्छतागृहाला कुलूप लागते, दुपारच्या शाळेकडे किल्ली नसते, आणि सहावी-सातवीच्या मुली पाणी न पिता दिवस काढतात किंवा महिन्यातून चार दिवस घरी राहतात. किल्ली कोणाकडे, सफाई कोणत्या वेळी, आतली कडी कोण बसवणार, हे तिन्ही मुद्दे इतिवृत्तात नावानिशी लिहून घेतले तर पुढच्या बैठकीत विचारता येतात. शिक्षकसंख्येचाही प्रश्न असाच मांडावा: पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, हे कायद्यातले प्रमाण आहे. पोषण आहाराबाबत पालकांनी अधूनमधून स्वतः चव घेऊन नोंद करावी.

शिक्षकांना शत्रू समजून ही समिती चालत नाही. निवडणुकीची आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे त्यांच्या वर्गाचा वेळ खातात, आणि पालकांनी ते लेखी मांडले तर त्यांनाही बळ मिळते.

सहावी पायरी : आठवीनंतरची वाट

आठवीच्या जानेवारीतच प्रत्येक मुलाची नववीची शाळा ठरलेली असावी. जवळच्या महापालिका माध्यमिक आणि अनुदानित शाळांची यादी करून मुख्याध्यापकांशी बोलावे, आणि निकालानंतर दाखले एकत्रितपणे मिळवून पोहोचवावेत. अनुदानित शाळा शोधणे महत्त्वाचे, कारण विनाअनुदानित शाळेची फी हेच पुष्कळदा नववी सुटण्याचे कारण असते.

आठवीतच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची परीक्षा असते. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील, वार्षिक साडेतीन लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेली मुले ती देऊ शकतात. यश मिळाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. सातवीच्या सुट्टीपासून तयारी करून घेतली तर वस्तीतली मुले यात टिकतात, आणि ही रक्कम मुलाला कामाला लावण्याच्या विचारात असलेल्या बापाशी बोलताना हातात एक ठोस मुद्दा देते.

कामाला लागलेल्या मुलांसाठी रात्रशाळा हा मुंबईचा जुना आणि चांगला मार्ग आहे. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही पर्याय आहे. दिव्यांग मुलांचा मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्यानुसार १८ वर्षांपर्यंत आहे, तेव्हा त्यांच्या बाबतीत आठवीला थांबण्याचा प्रश्नच येत नाही. लग्न ठरवलेल्या किंवा कारखान्यात डांबलेल्या मुलाची माहिती मिळाल्यास स्वतः धाड घालू नये. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

अडले तर

क्रम असा ठेवावा: मुख्याध्यापक, विभाग निरीक्षक, प्रशासकीय अधिकारी (शाळा), मग महापालिकेचे शिक्षणाधिकारी. प्रत्येक टप्प्यावर लेखी अर्ज आणि पोच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार केलेल्या तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्यावर समाधान झाले नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. रिक्त पदे, मंजूर अनुदान, दुरुस्तीचा खर्च अशी माहिती हवी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचे शुल्क लावून अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून तीन प्रश्नांसाठी तीन अर्ज द्यावेत. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ती संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिले अपील दाखल करायचे आहे, याची तारीख अर्ज देतानाच नोंदवहीत लिहून ठेवावी.